सालाबादप्रमाणे खुशाली

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला की अमेरिकेतल्या घरोघरच्या टपालपेट्यांत बिलं आणि जाहिराती यांच्या जोडीला जाडसर पाकिटं येऊ लागतात. आत नाताळचं कार्ड आणि कार्डाच्या पोटात घडी घातलेला एक छापील कागद. 'प्रिय मित्र आणि आप्तहो' अशी सुरुवात. मग थोरली कुठल्या कॉलेजात लागली, धाकट्याच्या बेसबॉलचं काय झालं, उन्हाळ्यात यलोस्टोनला अस्वल दिसलं की नाही, आजीचा गुडघा कसा आहे, आणि अगदी शेवटी कुत्र्याची खबरबात. घरातल्या सगळ्यांचा उल्लेख तृतीयपुरुषी. लिहिणारी बाई स्वतःचंही नाव घेऊन 'ती अजून शाळेत शिकवते' असं खुशाल लिहिते. मजकूर सगळ्यांना एकच; फक्त तळाशी पेनाने खरडलेली एखादी ओळ ज्याची त्याची. पाकीट उघडणारा आधी तीच ओळ वाचतो.

गंमत म्हणजे नाताळचं कार्ड निघालं तेच मुळी पत्रं लिहिण्याचा ताप वाचावा म्हणून. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं आणि पत्रांचा पूर आला. ही योजना राबवण्यात हेन्री कोल यांचाही हात होता, आणि त्यांच्याच टेबलावर उत्तराविना पत्रांचा ढीग साचला. १८४३ च्या नाताळात त्यांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून चित्र काढून घेतलं, कार्डं छापली, उरलेली एक शिलिंगला एक अशी विकायला ठेवली. चित्रातल्या मेजवानीत लहान मुलाच्याही तोंडाला वाइनचा पेला लावलेला होता. दारूबंदीवाले खवळले, पण कार्डं रुळली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन माणूस नोकरीपायी एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला जाऊ लागला. जुने शेजारी, कॉलेजचे सोबती, लष्करातले दोस्त चहूकडे पांगले. नुसत्या सहीच्या कार्डात वर्ष मावेना आणि प्रत्येकाला वेगळं लिहायला सवड मिळेना. अशा वेळी शाळांच्या आणि चर्चच्या कचेऱ्यांतलं स्पिरिट डुप्लिकेटर कामी आलं. आपल्याकडच्या सायक्लोस्टाइलचं हे चुलत भावंड. मूळ कागदावर टाइप केलं की त्याच्या पाठीवर जांभळ्या मेणाची उलटी अक्षरं उमटत. चूक झाली तर ते मेण ब्लेडने खरवडायचं आणि पुन्हा टाइप करायचं. यंत्रातून निघालेला कागद किंचित ओलसर असे आणि त्याला स्पिरिटचा वास येई. पोरं तो नाकाला लावून हुंगत. प्रती वाढतील तशी शाई फिकी होत जाई. यादीच्या शेपटाकडच्या मंडळींना खुशालीही फिकटच पोचत असणार! १९५९ मध्ये झेरॉक्सचं ९१४ हे यंत्र आलं, १९८४ मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर चालणारं 'द प्रिंट शॉप' आलं, आणि घरबसल्या सजवलेली पत्रं निघू लागली.

ब्रिटनमध्ये अशा पत्राला 'राउंड रॉबिन' म्हणतात, तेही नाक मुरडून. 'गार्डियन'चे स्तंभलेखक सायमन हॉगर्ट यांच्याकडे वाचक आपल्याला आलेली असली पत्रं पाठवू लागले. त्यांतून २००४ मध्ये 'द कॅट दॅट कुड ओपन द फ्रिज' हे पुस्तक झालं. मुलांच्या गुणपत्रिका, महागड्या सहली, नवं स्वयंपाकघर यांचे पोवाडे एकीकडे, आणि शस्त्रक्रिया, मरणं, गळकी छपरं यांची जंत्री दुसरीकडे. हॉगर्ट यांनी दोन्हींची यथेच्छ टर उडवली.

टर रास्त आहे, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. एकच मजकूर मावशीला, जुन्या साहेबाला, पूर्वीच्या शेजारणीला आणि कॉलेजच्या मैत्रिणीला जाणार असेल, तर माणूस चौघांनाही चालेल तेवढंच लिहिणार. साहेबासमोर नोकरी गेल्याचं रडगाणं नको, मावशीला घटस्फोटाचा तपशील नको. उरतं ते बक्षीस आणि अस्वल. यातल्या निम्म्या बढाईला लिहिणाऱ्याच्या स्वभावापेक्षा ती यादीच जबाबदार आहे. नॉर्थ डकोटा स्टेट युनिव्हर्सिटीतल्या ॲन बर्नेट यांनी १९६० च्या दशकापासूनची अशी पत्रं जमवून अभ्यासली. त्यांना दिसलं की अलीकडच्या पत्रांत 'आम्ही किती धावपळीत आहोत' हीच मिरवायची गोष्ट झाली आहे. हे वाचून आपल्याला हसायचा अधिकार नाही. 'वेळच मिळत नाही हो' हे आपणही अभिमानानेच सांगतो.

शिवाय ही पत्रं लिहितं कोण? मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला डी लिओनार्डो यांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या इटालियन-अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला. कार्डं, फोन, सणाची आमंत्रणं, कुणाला काय कळवायचं याचा हिशेब हे घरकामासारखंच काम आहे आणि ते बहुतेक बायका करतात, नवऱ्याच्या नातेवाइकांसाठीसुद्धा, असं त्यांनी दाखवलं. बाई या कामातून बाजूला झाली की घराघरांतलं येणंजाणं आटतं. आपल्याकडे चुलतसासऱ्यांच्या वाढदिवसाची आठवण कोण ठेवतं, हे मी वेगळं सांगायला नको.

उत्तर द्यायची ओढ किती खोल असते, हे युटातल्या ब्रिगम यंग युनिव्हर्सिटीतले समाजशास्त्रज्ञ फिलिप कुंझ यांनी १९७४ मध्ये पाहिलं. त्यांनी सुमारे सहाशे अनोळखी लोकांना नाताळची कार्डं धाडली. शंभराहून अधिक जणांनी उलट टपाली कार्डं पाठवली. काहींनी तर घरचा पानोपानी वृत्तान्त लिहिला. कोण हा कुंझ, हे ठाऊक नसताना!

१९६५ च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि मराठी डॉक्टर-इंजिनियर तिकडे गेले. त्यांची खुशाली निळ्या एरोग्रामवरून इकडे येई, ती मात्र प्रत्येकाला वेगळी: आईला एक, मित्राला दुसरी. 'येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे' या ठरीव ओळीआड आपणही सगळं अवघड दडवतच होतो. संक्रांतीला पाकिटातून चिमूटभर हलवा पाठवायची आपली चाल गोड खरी, पण त्यात बातमी नसे. पुढे काही मराठी घरांनी शेजाऱ्यांचं पाहून छापील पत्राचा रिवाज उचलला. आता तिकडेही बऱ्याच घरांतून मजकूर गेला आणि फोटो-कार्ड उरलं. इकडे व्हॉट्सॲपवर पणतीचं चित्र येतं, पाठवणाऱ्याच्या घरात यंदा काय झालं ते कळतच नाही. त्या पणतीपेक्षा मला कुत्र्याची खबरबात परवडली.

तेव्हा यंदा एक पान लिहून पाहा. यश एका परिच्छेदात उरका, घरातलं कुणी गेलं असेल किंवा नोकरी सुटली असेल तर ते एका सरळ वाक्यात सांगा, आणि तळाशी ज्याची त्याची एक ओळ हाताने लिहा. पत्ते मात्र आत्तापासूनच गोळा करा, पिनकोडसकट. बहुतेकांचे फक्त मोबाइल नंबर आपल्याकडे असतात.