गोष्टीचा शेवट : गोड कीं खरा ?

गोष्ट आरंभणें सोपें. ती संपविणें कठीण. त्यांतही जी गोष्ट एका पुस्तकांत न मावतां तीन-चार भागांत पसरलेली असते, तिचा शेवट वाचकांच्या मनास पटेल असा करणें म्हणजे मोठ्या लग्नकार्यांत शेवटची पंगत नीट उठविण्यासारखें आहे. पहिल्या पंक्तीची वाहवा सर्वच करितात. यजमानाची परीक्षा शेवटच्या पंक्तीला होते.

हा विचार सुचण्याचें कारण असें, कीं आमच्या नव्या पेठेंतील कित्येक घरांत तरुण मुलेंमुली हल्लीं इंग्रजी कथामाला मोठ्या आवडीनें वाचतात. त्यांतील राज्य रामराज्याच्या अगदीं उलट असतें. प्रजेवर अहोरात्र पाळत असते, आणि त्या काळोखांत दोन कोंवळे जीव एकमेकांवर प्रेम करूं लागतात. सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची 'हंगर गेम्स' ही त्रिभागी कथा २००८ ते २०१० या काळांत प्रसिद्ध झाली. तींतील राज्यकर्ते दरसाल मुलांनाच एकमेकांशीं मरेपर्यंत झुंजवितात. शेवटीं राजवट कोसळते, कॅटनिस व पीटा यांचा संसार होतो. परंतु त्यांचीं मुलें ज्या कुरणांत बागडतात त्याच्या पोटांत मृतांचीं शरीरें आहेत, हें लेखिका विसरूं देत नाहीं. व्हेरॉनिका रॉथ यांच्या 'डायव्हर्जंट' मालेच्या २०१३ सालच्या अखेरच्या भागांत तर नायिका ट्रिस हिचाच मृत्यु होतो. त्यावर पुष्कळ वाचक रुष्ट झाले.

घरांतील वडील मंडळी सहजच विचारतात, "असलें दुःख मुलींच्या हातीं द्यावेंच कशाला? ज्याचा शेवट गोड, तें सारेंच गोड." या म्हणण्याला आपल्या शास्त्राचाही आधार दिसतो. भरतमुनींनीं नाटकाचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श व निर्वहण असे पांच संधि सांगितले, आणि निर्वहणांत फलप्राप्ति व्हावी असा दंडक घातला. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत धरली पाहिजे. फळ यावयाचें तें मुखसंधींत पेरलेल्या बीजाचेंच. वरून बांधलेलें फळ चालत नाहीं. वाल्मीकींच्या उत्तरकांडांत सीता भूमीच्या उदरांत शिरते. भवभूतीनें 'उत्तररामचरिता'च्या सातव्या अंकांत रामसीतेची पुनर्भेट घडविली. पण ती फुकट घडविली काय? त्यापूर्वीं त्यानें रामाला दंडकारण्यांत मूर्च्छा येईपर्यंत रडविलें. आणि ज्या प्रजेनें संशय घेतला, तिच्याच समक्ष अरुंधतीकडून सीतेच्या पावित्र्याची ग्वाही देवविली. अन्यायाचा जाब पुरा झाला, म्हणून तो शेवट गोड वाटतो.

आतां दुसरी बाजू पाहूं. अन्यायी राज्यांतील तरुण प्रेमाची कथा आपणांस परकी नाहीं. कै. हरि नारायण आपटे यांनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढलें आणि त्यांतून 'पण लक्षांत कोण घेतो ?' ही कादंबरी हप्त्याहप्त्यानें दिली. तींतलें राज्य कोण्या काल्पनिक देशांतलें नाहीं. तें आपल्याच ब्राह्मण घरांतल्या माजघरांतलें आहे. यमू व रघुनाथराव यांचा मुंबईंतील लहानसा संसार, तें बरोबर बसून वाचणें-बोलणें, हेंच त्या काळीं बंड होतें. वाचकांना वाटतें, हें जोडपें आतां सुखी होणार. परंतु रघुनाथराव जातात, यमूचें बळजबरीनें केशवपन होतें, आणि अखेर तीही जाते. हरिभाऊंना गोड शेवट करतां आला नसता काय? लेखणी त्यांच्याच हातीं होती. पण तसा शेवट केला असता, तर वाचकांनीं डोळे पुसून पुस्तक मिटलें असतें. त्यांनीं शेवट न करतां प्रश्नच पुढें ठेवला, आणि तो नांवांतच घातला.

त्या प्रश्नाचें निर्वहण पुस्तकाबाहेर झालें. कथा चालू असतांनाच, १८९१ सालीं, संमतिवयाचा कायदा झाला. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं विधवाविवाह केला, १८९६ सालीं पुण्यांत अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें. हें सर्व एका कादंबरीनें घडलें, असें म्हणणें अतिशयोक्ति होईल. परंतु यमूसाठीं रडलेल्या घरांतच तें पुढें पटूं लागलें, यांत नवल नाहीं.

आमच्या सोलापुरानेंही असा एक शेवट पाहिला आहे. मे १९३० मध्यें येथें लष्करी कायदा पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांस येरवड्यास फांशीं दिलें. त्या दिवशीं पुस्तक मिटलें असतें, तर तो शेवट निव्वळ अंधाराचा ठरला असता. १९४७ नें त्याला अर्थ दिला. पण गेलेले चौघे परत आले नाहींत.

म्हणून आमचें मत असें, कीं समाधानकारक शेवट म्हणजे सर्वांचीं लग्नें लागणें नव्हे. बीजाचें फळ आलें काय, अन्यायाचा जाब मिळाला काय, आणि दिलेली किंमत लेखकानें लपविली नाहीं ना, या तीन गोष्टी पाहाव्या. घरांतील मुलगी एखादें पुस्तक मिटून डोळे पुसत बसली असेल, तर तें हातांतून काढून घेऊं नये. "शेवट तुला पटला काय? तूं कसा केला असतास?" एवढें तिला विचारावें, आणि तिचें उत्तर शांतपणें ऐकून घ्यावें. यमूला असें विचारणारें माणूस तिच्या सासरीं एकच होतें, आणि तें लवकर गेलें.