जार सुटतो कसा?

गाय व्याली की गोठ्यातली निम्मी काळजी मिटते. उरलेली जार पडल्यावर. बहुधा ६ ते ८ तासांत तो पडतो. रात्र उलटली आणि दुसऱ्या दिवशीही लोंबतच राहिला, तर पूर्वी त्याला वीट बांधत, नाहीतर डॉक्टर खांद्यापर्यंत हात घालून एकेक गाठ शर्टाच्या बटणासारखी सोडवत. अशा गाठी गाईच्या गर्भाशयात ७० ते १२० असतात. प्रत्येक गाठीत वासराकडच्या आवरणाचे बारीक कोंब आईच्या बाजूच्या खळग्यांत खोल रुतलेले.

मग ते एरवी आपोआप कसे सुटतात?

उत्तराची पहिली खूण नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला सापडली. १९८४ मध्ये गुन्निंक यांनी दाखवले की सुटणारा जार आईच्या पांढऱ्या पेशींना स्वतःकडे ओढून घेतो; अडकणाऱ्या जारात ही ओढ कमी पडते. या पेशी तिथे येऊन काय करतात, हे समजायला कोलॅजनकडे वळावे लागले. गाठीला धरून ठेवणारे हे प्रथिन एकाच जातीचे नाही. पहिल्या प्रकाराचे तंतू सुंभासारखे जाड आणि चिवट, तिसऱ्याचे जाळीसारखे नाजूक, तर चौथा पेशींच्या थराखाली पातळ अस्तरासारखा पसरलेला. १९९० मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठात शार्प, आयलर आणि हॉपकिन्स यांनी पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराचे प्रमाण वाढत्या आणि अडकलेल्या जारात मोजले. पुढे आयलर-हॉपकिन्स जोडीने कोलॅजन विरघळवणारे विकर थेट नाळेच्या धमन्यांतून सोडले आणि जार सुटले! हात न घालता गाठ सुटू शकते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला? उपाय महागडा, म्हणून गोठ्यापर्यंत फारसा पोचला नाही. पण ओढण्यापेक्षा विरघळणे महत्त्वाचे, हे त्याने पक्के केले.

२००२ मध्ये आयोवातल्या एम्स इथे किमुरा आणि सहकाऱ्यांना आढळले की ज्या गाईंचा जार पुढे अडकला, त्यांच्या पांढऱ्या पेशी विण्याआधीच मंदावल्या होत्या. पुढच्याच वर्षी बूस आणि सहकाऱ्यांनी गाभण आणि व्यालेल्या गाईंच्या गाठींत कोलॅजनचे तिन्ही प्रकार नेमके कुठे असतात, ते तपासले.

पांढऱ्या पेशी विण्याआधीच मंदावतात, म्हणून काळजी घ्यायची ती गाभणपणातच: सकस चारा, आणि कमतरता असेल तिथे ई जीवनसत्त्व व सेलेनियम. तरीही जार अडकलाच, तर ओढू नका, वजन बांधू नका. तो बहुतेकदा २ ते ११ दिवसांत आपणहून गळतो. गाईला ताप आला किंवा तिने चारा सोडला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.