पोलादी पट्टे, प्लॅस्टिकचे दाते

रिमोटवर चालणारा रणगाडा घरी आणलेला माणूस पहिल्या महिन्यातच विचारतो, "मेटल ट्रॅक कधी टाकू या?" गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात अशी खेळणी उघडून बसणारा माझा मित्र यावर नुसता हसतो. पुढचा सगळा खर्च त्याला तोंडपाठ आहे.

१:१६ प्रमाणाचा हा रणगाडा जवळजवळ अर्धा मीटर लांब भरतो. जपानच्या तामियाने रिमोटवरचा शर्मन बाजारात आणला तो १९७४ साली. आज आपल्याकडे बहुतेकांच्या हातात दिसतो तो हेंग लाँगचा चिनी माल. किंमत त्या मानाने कमी, दिसायला झकास, आत बऱ्याचदा प्लॅस्टिक. त्यावर धातूचे पट्टे चढवले की गाडी एकदम वजनदार होते आणि खऱ्यासारखी खडखडते. मग हे पट्टे ओढणाऱ्या प्लॅस्टिकच्या स्प्रॉकेटचे दाते झिजतात. म्हणून धातूचं स्प्रॉकेट. आता सगळा भार गिअरबॉक्सवर येतो आणि सोफ्याच्या पायाला अडकलेल्या गाडीत एक दिवस कडकड असा आवाज होतो. म्हणून पोलादी गिअर. पोलादी गिअर मात्र मोडत नाहीत. पट्ट्यात दगड अडकला की ते तसेच अडून राहतात, मोटर जागच्या जागी करंट खेचत राहते, आणि जळतो तो मोटरला करंट सोडणारा बोर्डवरचा मॉसफेट. जळक्या वासावरून मित्र आता डावी मोटर की उजवी तेही सांगतो (निदान तसा त्याचा दावा आहे). मजबुती वाढवली म्हणजे तुटण्याची जागा फक्त पुढच्या खोलीत राहायला जाते.

खऱ्या रणगाड्यांचं याहून वेगळं नव्हतं. जर्मनांचा पँथर सुरुवातीला ३५ टनांच्या आसपास ठरला होता. चिलखत वाढत गेलं आणि तो ४५ टनांवर पोचला. चाकांना जोर देणारी शेवटची गिअरची जोडी त्या मानाने कमजोरच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी हेच पँथर वापरले आणि १९४७च्या अहवालात या जोडीचं सरासरी आयुष्य नोंदवलं: १५० किलोमीटर. गोरेगावहून पुण्याला निघालेला पँथर पोचतापोचता बसला असता.

आमच्या कंपूतले सगळ्यात हौशी म्हणजे जवाहरनगरचे काका. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ला ७०. त्यात १ जानेवारी २०२१पासून बीआयएसचा शिक्का सक्तीचा. तेव्हापासून काकांचा परदेशातला भाचा सुट्टीला येताना चॉकलेटं कमी आणि स्प्रॉकेटं जास्त आणतो. बॅटरी मात्र आणायची नाही, अशी काकूंची सक्त ताकीद आहे.

एकदा त्यांचा एक शाफ्ट वाकला. भाचा यायला अवकाश होता. आम्ही वालभट रोडच्या बाजूला एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने शाफ्ट बोटात फिरवून पाहिला.

"कुठल्या मशीनचा आहे?"

"रणगाड्याचा," काका गंभीरपणे म्हणाले.

"मग सरकारी काम आहे. ॲडव्हान्स द्या."

शाफ्ट त्याने अप्रतिम करून दिला.

देखभालीचं म्हणाल तर मुंबईत शत्रू दोनच, दमट हवा आणि माती. पट्ट्यांच्या कड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, त्यांना फारसं काही होत नाही. पण त्या जोडणाऱ्या पिना पोलादी. पावसाळाभर कपाटात ठेवलेली गाडी गणपतीत काढली की सांधे आखडलेले. प्रत्येक पिनेला तेलाचा थेंब द्यायचा आणि जादाचं पुसून काढायचं, कारण ओल्या तेलावर माती बसली की तिचा पॉलिश पेपर होतो. लिथियम बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास सोडायची. ती फुगलेली दिसली की चार्जर लावायचा विचारही करू नये. धुराच्या यंत्रातलं तेल संपल्यावरही धूर मागत राहिलं तर आतली वात आणि तार जळते. नव्या मुलांची पहिली दुरुस्ती बहुतेक हीच.

रंग आणि वेल्डिंगच्या खुणा बघायला आम्ही नगरला जातो, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. तिथलं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४चं. सेंच्युरियन, विजयंता, पॅटन असं सगळं हाताच्या अंतरावर. येणारे लोक तोफेसमोर उभे राहून फोटो काढतात आणि काका पट्टा किती लोंबतोय ते बघायला उकिडवे बसतात.

तर याच काकांची गाडी एकदा फिल्मसिटीत गेली. १९७७ला उभ्या राहिलेल्या या चित्रनगरीने खोटे राजवाडे आणि खोटी गावं भरपूर पाहिलीत, त्यात एका जाहिरातीला लांबून दिसणारा रणगाडा हवा होता. गाडी खऱ्यासारखी संथ चालावी म्हणून काकांनी मुद्दाम जास्त रिडक्शनचा गिअरबॉक्स टाकलेला. कॅमेरामनने एक चाल पाहिली आणि म्हणाला, "काका, चौपट वेग पाहिजे."

काका दुखावले. पण गणित त्याचंच बरोबर होतं. छोटी वस्तू उडते, डुलते, आपटते ते फार चटकन, म्हणून पडद्यावर खेळणं लगेच ओळखू येतं. ते लपवायला कॅमेरा प्रमाणाच्या वर्गमुळाइतका वेगात चालवतात. सोळाचं वर्गमूळ चार, म्हणजे सेकंदाला २४ऐवजी ९६ फ्रेम. ताशी ४० किलोमीटरने धावणारा रणगाडा १:१६मध्ये अडीचने चालायला हवा, पण ९६ फ्रेमवर टिपायचा तर दहाने. काकांच्या गाडीला ते जमेना. शेवटी गाळ्यातून मित्राला बोलावलं. त्याने कमी रिडक्शनचा जुना प्लॅस्टिक गिअरबॉक्स, जो काकांनी भंगारात काढला होता, परत बसवला, आणि वजन कमी व्हावं म्हणून पट्टेही प्लॅस्टिकचे चढवले. वर तीन सेलची बॅटरी. बोर्ड किती वेळ टिकेल याची खात्री नव्हती, म्हणून आधी बाकीची तयारी पूर्ण करून गाडी शेवटी सोडायची असं ठरलं.

उरली धूळ. आरेच्या मातीची ढेकळं त्या आकाराला बैलगाडीएवढी दिसत होती. आर्ट डिपार्टमेंटच्या पोराने मुलतानी माती मलमलीतून चाळून आणली, तीच पिठासारखी उडते. शॉट झकास झाला. गिअरबॉक्स उघडला तर ग्रीस आणि मुलतानीचा लगदा, आणि दोन गिअरचे दाते साफ. काकांनी दुरुस्तीचं बिल लावलं, ते निमूट मंजूर झालं. अडलं ते मातीचं. रणगाड्याच्या हिशेबात मुलतानी माती कशी, असं अकाउंट्सवाल्याने विचारलं आणि ती मेकअपच्या खात्यात टाकली.