तांबडा समुद्र ते कारवार

बेळगावजवळच्या येळ्ळूरला समुद्र नाही. पण महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्याच कारवारला भारतीय नौदलाचा मोठा तळ आहे. तिथपासून तांबड्या समुद्रापर्यंतच्या सागरी वाटेची ही टिपणे.

● तळ : आयएनएस कदंब, ‘सीबर्ड’ प्रकल्प. ३१ मे २००५ रोजी नौदलात दाखल. विमानवाहू ‘विक्रमादित्य’चा मुक्काम इथेच.

● चिंचोळी वाट : तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, रुंदी जेमतेम ३० किलोमीटर. सुएझला जाणारी जहाजे इथूनच जातात.

● चीन : सामुद्रधुनीलगतच्या जिबूतीत २०१७पासून पहिला परदेशी लष्करी तळ.

● हल्ले : नोव्हेंबर २०२३मध्ये इथल्या व्यापारी जहाजांवर येमेनच्या हुथी बंडखोरांचे ड्रोन, क्षेपणास्त्रांचे हल्ले सुरू झाले. अनेक जहाजांचा आफ्रिकेला वळसा. प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला, भाडे आणि विमा महागले.

● चाचेगिरी : मार्च २०२४मध्ये आयएनएस कोलकाताच्या कारवाईत अपहृत ‘रुएन’ जहाजावरचे ३५ सोमाली चाचे शरण, १७ खलाशी सुखरूप.