शाळेआधीची शाळा (लेखांक सहावा) : पाळीवर आलेली आई

अमेरिकेत पाच वर्षांचे झालेले मूल ज्या किंडरगार्टनमध्ये जाते, तो महाराष्ट्रातील ज्युनियर आणि सिनियर केजीसारखा दोन वर्षांचा स्वतंत्र विभाग नसून बहुतेक ठिकाणी प्राथमिक शाळेलाच जोडलेला, पहिलीच्या अगोदरचा एका वर्षाचा वर्ग असतो. त्याच्याही आधीच्या, म्हणजे साधारणतः दोन ते पाच या वयाच्या मुलांसाठी तेथे नाना प्रकारच्या शाळा निघाल्या. त्यांपैकी सहकारी बालशाळा हा प्रकार प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे. येथे शाळेची मालकी आणि व्यवस्था पालकांकडे असते. तेच आपल्यातून कार्यकारी मंडळ निवडतात, प्रशिक्षित शिक्षिकेची नेमणूक करतात, जमाखर्च सांभाळतात, सुटीच्या दिवशी येऊन झोपाळे रंगवतात आणि ठरलेल्या पाळीप्रमाणे काही सकाळी वर्गात शिक्षिकेच्या हाताखाली मदतनीस म्हणून उभे राहतात. शुल्क कमी ठेवता येते ते या श्रमदानामुळे. परंतु मुलाच्या शिक्षणावर त्याचा जो परिणाम होतो, तो शुल्कापेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे.

या चळवळीचा आरंभ १९१६ साली शिकागो विद्यापीठातील प्राध्यापकांच्या पत्नींनी चालवलेल्या शाळेपासून मानला जातो. मुलांना समवयस्कांची संगत मिळावी, स्वतःला बालसंगोपनाचे शिक्षण मिळावे आणि रेडक्रॉसच्या युद्धकार्यासाठी थोडा मोकळा वेळ काढता यावा, असे त्यांचे तीन हेतू होते. यांतला तिसरा हेतू शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत सहसा दुय्यम ठरतो, पण तो तितकाच खरा होता. १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे 'चिल्ड्रन्स कम्युनिटी' ही सहकारी शाळा निघाली. तिच्याशी निगडित असलेल्या कॅथरीन व्हाइटसाइड टेलर यांनी पुढे या चळवळीवर ग्रंथलेखन केले, आणि १९६० मध्ये अशा शाळांची एक मध्यवर्ती संघटनाही स्थापन झाली. कॅलिफोर्नियात अनेक सहकारी शाळा प्रौढशिक्षण विभागाशी, तर वॉशिंग्टन राज्यात कम्युनिटी कॉलेजांशी जोडल्या गेल्या, त्यामुळे मूल बालशाळेत आणि त्याची आई किंवा वडील त्याच शाळेच्या निमित्ताने महाविद्यालयाच्या पटावर, अशी दुहेरी नोंदणी तेथे रूढ झाली.

अशा शाळेत मूल सर्वप्रथम शिकते ते घरापासून दूर राहणे. ही गोष्ट प्रत्येक बालशाळेत घडते. सहकारी शाळेत तिला एक वेगळा पदर असतो. आईची पाळी नसलेल्या दिवशी मुलाला निरोप घ्यायला शिकावे लागते, तर पाळी असलेल्या दिवशी त्याहून अवघड गोष्ट शिकावी लागते: आई समोर आहे, पण ती आत्ता दुसऱ्याच्या मुलीच्या बुटाची नाडी बांधते आहे, हे सहन करणे. त्यामुळे एरवी शहाण्यासारखे वागणारे मूल नेमके त्याच दिवशी हट्ट करते, आईच्या मांडीवरून उतरत नाही किंवा जवळ येणाऱ्या मुलाला ढकलते. अनुभवी शिक्षिका नव्या पालकांना याची कल्पना आधीच देऊन ठेवतात. काही महिन्यांत हा ताण ओसरतो आणि त्याच्या जागी एक नवी समज येते. रडू आल्यावर इतर कोणाच्याही आईकडे किंवा बाबांकडे जाता येते, त्यांच्या बोलण्याची तऱ्हा वेगळी असली तरी नियम तेच असतात, हे मुलाला उमगते. पुढे किंडरगार्टनमध्ये अनोळखी शिक्षिकेवर विश्वास टाकण्याची पूर्वतयारी याहून चांगली क्वचितच होत असेल.

समवयस्कांबरोबरचे शिक्षण अधिक संथ असते. मिनेसोटा विद्यापीठातील मिल्ड्रेड पार्टन यांनी बालशाळेतील मुलांच्या निरीक्षणांवर आधारलेला जो अभ्यास १९३२ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मुलांच्या सामाजिक सहभागाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी 'समांतर खेळ' म्हणजे शेजारी बसून, सारख्याच वस्तूंनी, पण स्वतंत्रपणे खेळणे. 'साहचर्याचा खेळ' म्हणजे वस्तूंची आणि बोलण्याची देवाणघेवाण असलेला, पण सामाईक उद्दिष्ट नसलेला खेळ. आणि 'सहकार्याचा खेळ' म्हणजे भूमिका वाटून घेऊन एकच बेत तडीस नेणे. वयाबरोबर शेवटचे दोन प्रकार वाढतात, असे पार्टन यांना आढळले. नंतरच्या अभ्यासकांनी हेही दाखवून दिले, की समांतर खेळ ही मागे टाकायची पायरी नसून, चार वर्षांचे मूलही एखाद्या गटात शिरण्यापूर्वी काही वेळ शेजारी बसून अंदाज घेते. म्हणूनच जाणती शिक्षिका नुसत्या पाहत बसलेल्या मुलाला घाईने खेळात ढकलत नाही. पाळीवर आलेल्या पालकाला मात्र हा संयम शिकावा लागतो, विशेषतः ते मूल त्याचे स्वतःचे असेल तेव्हा.

लाकडी ठोकळ्यांच्या कोपऱ्यात हे सारे एकत्र पाहायला मिळते. न्यूयॉर्कमध्ये १९१४ साली शाळा काढणाऱ्या कॅरोलिन प्रॅट यांनी प्रचारात आणलेला मूळ ठोकळा ५.५ इंच लांब, २.७५ इंच रुंद आणि १.३७५ इंच जाड असतो. रुंदी लांबीच्या निम्मी, जाडी रुंदीच्या निम्मी, आणि संचातील इतर ठोकळे या मापाच्या दुप्पट, चौपट किंवा अर्धे. लांब ठोकळा संपला की दोन मध्यम ठोकळे जोडून भिंत पुरी करणारे मूल अपूर्णांकांचा संबंध हाताने अनुभवत असते, त्याचे नाव मात्र त्याला अनेक वर्षांनी कळते. हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये अशा रचनांचा क्रम नोंदवला: मूल आधी ठोकळे नुसते वाहून नेते, मग ओळी व मनोरे रचते, पुढे दोन ठोकळ्यांवर तिसरा टाकून पूल करते, चारी बाजूंनी आवार बंद करते आणि अखेरीस त्या आवाराला गोठा किंवा विमानतळ असे नाव देऊन त्यात नाट्य उभे करते. हा क्रम ठाऊक नसलेल्या पालकाला दोन वर्षांच्या मुलाची ने-आण निरर्थक वाटते आणि तो त्याला मनोरा करून दाखवू लागतो. पालकांच्या मासिक सभेत शिक्षिका नेमक्या अशाच प्रसंगांची चर्चा घडवून आणते.

अक्षरे आणि अंक येथे असतात, परंतु त्यांचा वेगळा तास नसतो. खाऊच्या वेळी टेबलाभोवतीच्या प्रत्येकापुढे एकेक पेला मांडणारे मूल 'एकास एक संगती', म्हणजे एका वस्तूला एकच जोडीदार ही मोजणीची पूर्वअट शिकते. लहान सुरईतून रस ओतताना आणि पुढच्याच्या हाती ती देताना आपली पाळी येईपर्यंत थांबणे शिकते. मुलाने काढलेल्या चित्राखाली, त्याने सांगितलेली हकिगत त्याच्याच शब्दांत पालक लिहून घेतात, तेव्हा बोललेले शब्द कागदावर टिकून राहतात आणि पुन्हा तसेच वाचता येतात, हे त्याच्या ध्यानात येते. वाचनाचा पाया तो हाच. वर्णमाला पाठ असणे त्यामानाने वरवरचे.

या पद्धतीवर अलीकडे दडपण आले आहे ते किंडरगार्टनच्या बदलत्या स्वरूपामुळे. डाफ्ना बॅसॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मुलांनी किंडरगार्टनमध्येच वाचायला शिकावे असे मानणाऱ्या शिक्षकांचे प्रमाण १९९८ मध्ये ३१ टक्के होते, ते २०१० मध्ये ८० टक्क्यांवर गेले. साहजिकच पालकांच्या मंडळात सरावपुस्तिका आणण्याची मागणी होते. आणि शाळा पालकांचीच असल्याने शिक्षिकेला ती वरून फेटाळता येत नाही, त्यांचे मन वळवावे लागते. सहकारी पद्धतीचे हे बळही आहे आणि दुखणेही.

दुसरी मर्यादा जन्मजात आहे. सकाळी तीन तास वर्गात उभे राहू शकणारा पालक घरात असेल, हे गृहीत धरूनच ही रचना झाली होती, त्यामुळे तिचा विस्तार मुख्यतः मध्यमवर्गीय वस्त्यांत झाला आणि आया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्यावर ती अडचणीत आली. आज अनेक शाळांत पाळीवर आजी-आजोबा किंवा पगारी सांभाळणारी बाई येते, बाबांचे प्रमाण पूर्वीपेक्षा वाढले आहे, आणि काही शाळांनी जास्त शुल्क भरून पाळीतून सूट घेण्याची सोयही ठेवली आहे. आजोबा आले तरी मुलाला आपले माणूस इतरांबरोबर वाटून घ्यावे लागतेच. शुल्क भरून सुटका करून घेतलेल्या घरातील मुलाच्या वाट्याला मात्र इतरांचेच पालक येतात.