हँडल मारा, इंजिन सुरू!

माजिवड्यात लाइट गेली की थोड्याच वेळात एखाद्या सोसायटीच्या मागून घर्रर्र सुरू होतं. लिफ्ट हलते, वायफाय येतं आणि आपण परत मोबाइलमध्ये. त्या जनरेटरच्या पेटीवरचं नाव कधी वाचलंय? बऱ्याचदा ते 'किर्लोस्कर' असतं.

या नावाची गोष्ट चित्रकलेपासून सुरू होते, खरंच! लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रं शिकायला आले. पण रंग नीट ओळखू येत नाहीत हे लक्षात आलं आणि पेंटिंग सुटलं. मेकॅनिकल ड्रॉइंग मात्र पक्कं होतं, त्या जोरावर ते व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडली. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात! नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

तेव्हा विहिरीचं पाणी मोटेने निघायचं. बैलजोडी दिवसभर धावेवरून पुढे-मागे, तेव्हा कुठे थोडं रान भिजायचं. हे काम पुढे डिझेल इंजिनाने घेतलं. १९४६ मध्ये पुण्यात 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' सुरू झाली. त्यामागे होते लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव, अमेरिकेतल्या एमआयटीचे मेकॅनिकल इंजिनीअर.

त्या छोट्या इंजिनाला ना बॅटरी लागायची, ना स्पार्क प्लग. एका हाताने लिव्हर उचलून व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा, दुसऱ्या हाताने हँडल गरागरा फिरवायचं. जड फ्लायव्हीलने वेग घेतला की लिव्हर सोडायची. सिलिंडरमधली हवा दाबली जाऊन इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेट घेतो. फट्, फट्, फट्... पाणी सुरू! हँडल वेळेत निघालं नाही तर मनगटाचं काही खरं नाही, ते वेगळं. याच इंजिनावर पिठाची गिरणी चालली, उसाचं गुऱ्हाळही. बिघडलं तर गावातला मिस्त्री दोन पान्यांत उघडायचा.

धूर आणि आवाज मात्र भयंकर. जनरेटरसाठी १ जुलै २०२३ पासून प्रदूषणाचे नियम आणखी कडक झाले. त्यामुळे अनेक नव्या इंजिनांत डिझेल किती सोडायचं हे इलेक्ट्रॉनिक्स ठरवतं. हवेसाठी हे हवंच होतं. पण पान्याने इंजिन उघडणाऱ्या त्या मिस्त्रीला आता लॅपटॉप लागतो, आणि तो वापरायला त्याला कोण शिकवणार, हे अजून ठरायचंय. शेतात तर सोलर पंपही आलेत. मेकॅनिकलवाल्यांनो, प्रोजेक्टचा विषय शोधताय ना?