म्हैस जिना चढेल का?

गेलं वर्षभर आमच्या ताईच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे ट्रेसिंग पेपर, पुठ्ठ्याचे तुकडे आणि फेविकॉल! ताई कोल्हापुरात आर्किटेक्चर, म्हणजे वास्तुकला शिकत होती. हे शिक्षण पाच वर्षांचं. शेवटच्या वर्षी 'थिसिस' करावा लागतो. विषय आपणच निवडायचा, जागा आपणच शोधायची, पूर्ण इमारतीचा आराखडा करायचा आणि परीक्षकांसमोर उभं राहून एकेका भिंतीचं कारण सांगायचं. इमारत खरोखर बांधत नाहीत बरं का! पण प्रश्न मात्र खरेच असतात.

ताईनं घेतली शिरोळ तालुक्यातल्या एका गावासाठी शाळा. एरवी शाळा, पूर आला की गावाचा निवारा. कोल्हापूरकरांना पुराचं वेगळं सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फूट गाठले की इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ साली तर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं! पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, म्हणजे शिरोळला दोन नद्यांचं पाणी.

पहिले तीन महिने ताईनं इमारतीची एक रेघसुद्धा काढली नाही. टेप घेऊन घरोघर हिंडली. "पाणी कुठवर आलं होतं?" असं विचारायची आणि भिंतीवरचा डाग मोजायची. शाळेच्या जागेजवळ तो आठ फुटांवर होता. मग तिनं ठरवलं, वर्ग दहा फूट उंचीवर, खाली नुसते खांब. कारण पाणी अडवलं की ते ढकलतं, आणि एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन! त्यापेक्षा त्याला वाट द्यावी. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात नाही का, पुराचं पाणी आत शिरतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं.

डिसेंबरात मॉडेल तयार झालं. ताईनं ते हौसेनं गावात नेलं, पारावर मांडलं. सगळे वाकून बघू लागले. एक आज्जी म्हणाल्या, "समदं ब्येस हाय, पोरी. पर म्हस जिना चढंल व्हय?"

ताई गप्पच झाली. जनावरं मागं ठेवून कसं जायचं, म्हणून पुरातही कितीतरी माणसं घर सोडत नाहीत. आणि तिनं काढला होता नुसता जिना!

दोन दिवस ती घरात कुणाशी बोलली नाही. मग पाटी-पेन्सिल घेऊन गणित मांडलं. उतार असा हवा, की म्हशीबरोबर आज्जीही चढतील आणि चाकाची खुर्चीही जाईल. एक फूट चढायला बारा फूट लांबी. मग दहा फुटांना? एकशेवीस फूट! एवढी लांब जागाच नव्हती. शेवटी तो उतार अंगणाभोवती वळवून घेतला, मध्ये थांबायला सपाट जागा ठेवल्या, वर गोठा आणि वैरणीची खोली काढली. सगळे नकाशे पुन्हा! आई म्हणाली, "अगं, एवढा जिना राहू दे की." ताईनं ऐकलं नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शाळेला एवढा मोठा उतार कशासाठी?"

ताईनं पिशवीतून मातीची म्हैस काढली आणि मॉडेलच्या उतारावर ठेवली. ती मी केली होती. एक शिंग तेवढं वाटेत मोडलं.